फुटली तर नवी लाव

त्या माणसाला सगळं गाव किल्लेदार म्हणायचं. किल्ला कुठेच नव्हता. होती ती चौतीस किल्ल्यांची एक लोखंडी कडी, आणि त्या किल्ल्या ज्या दारांना लागत ती एक अवाढव्य इमारत. कडी कमरेला अडकवून तो चालू लागला की दोन गल्ल्या अलीकडून खळखळ ऐकू येई, म्हणून कुणा टारगटाने हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. आधी त्याचे वडील किल्लेदार होते, मग तो झाला. खानदानी वैभव म्हणावं असं त्या घरात एवढं एकच होतं.

इमारतीला लोक काचघर म्हणत. राणीच्या काळात कुणा हौशी मंडळींनी ती एका प्रदर्शनासाठी उभी केली. लोखंडी कमानी, वर काचेचं छप्पर, आत तिन्ही बाजूंना गॅलरी, आणि पश्चिमेला विटांची एक जाड भिंत, जिच्यावर गॅलरीचा सगळ्यात रुंद भाग टेकलेला. सहा महिने प्रदर्शन चाललं. वाफेची इंजिनं आली, कापणीची यंत्रं आली, आपोआप वाजणारा पियानो आला. पश्चिमेच्या गॅलरीखाली एक कारंजं होतं, आणि त्याचा हौद एवढा मोठा की त्यात होडी सोडता आली असती. मग प्रदर्शन संपलं, ज्याची यंत्रं त्याने नेली, आणि एवढ्या मोठ्या घराचं आता करायचं काय हा प्रश्न जो पडला तो पुढे कधी सुटलाच नाही.

आधी चाकांचे बूट घालून घसरण्याची टूम निघाली. हौदावर जाड फळ्या ठोकून गुळगुळीत जमीन केली आणि तरुण मंडळी तिथे हौसेने हातपाय मोडून घेऊ लागली. लढाई आली तेव्हा त्याच जमिनीवर चारशे खाटा पडल्या. लढाई संपल्यावर धान्य ठेवायला जागा पुरेना म्हणून पोती आली, आणि खाली मावेनात तेव्हा गॅलरीवर चढली. पोती गेली, मुष्टियुद्धाचे सामने आले. त्यानंतर परीक्षा, मतमोजणी, फर्निचरचे सेल, कुत्र्यांचं प्रदर्शन, गाण्याचे जलसे. येणारा प्रत्येक जण काहीतरी ठोकायचा, टांगायचा, भोक पाडायचा. जाताना उपटून कुणी काही नेत नसे. फळ्यांखालचा हौदही तसाच राहिला. त्यात पाणी कुठून येत होतं आणि कुठे जात होतं हे ज्यांना ठाऊक होतं ती माणसं केव्हाच मातीला मिळाली होती.

किल्लेदार जन्मला तो पश्चिमेच्या भिंतीला पाठ लावून बांधलेल्या दोन खोल्यांत, पोत्यांच्या दिवसांत. त्याची आई त्या भिंतीला पिठाचा डबा कधी टेकवत नसे. "ही भिंत घाम गाळते," ती म्हणायची, आणि डबा पलीकडच्या कोपऱ्यात सरकवायची. बायकांना स्वयंपाकघरातल्या गोष्टी कळतात, इमारतीतल्या नाही, अशी त्या काळच्या पुरुषांची समजूत होती, त्यामुळे तिच्या बोलण्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

लग्नही काचघरानेच जमवलं. टंकलेखनाच्या परीक्षेला सहाशे उमेदवार बसले होते आणि किल्लेदार पाणी देत फिरत होता. एका मुलीच्या पेपरवर त्याने अख्खा पेला सांडला. तिला नवा पेपर मिळाला, वर दहा मिनिटंही मिळाली, ती पास झाली आणि वर्षभराने त्याच्या दोन खोल्यांत आली. पेपर त्याने एकदाच भिजवला, पण त्याबद्दल ती त्याला जन्मभर धुवून काढत राहिली. त्यांना एक मुलगी झाली. ती मोठी होऊन पोस्टात खिडकीवर बसू लागली आणि संध्याकाळी गायनमंडळात गाऊ लागली.

आता काचांबद्दल. पश्चिमेच्या भिंतीला, गॅलरीच्या जिन्याजवळ, एक चीर होती. पेन्सिलीची रेघ ओढावी तशी, खालून वर गेलेली. त्या चिरेवर फार पूर्वी कुणा साहेबाने सात ठिकाणी काचेच्या पट्ट्या आडव्या चिकटवल्या होत्या. पट्टी बोटभर रुंद, वीतभर लांब, दोन्ही टोकांना प्लॅस्टरचा गोळा, शेजारी लाल रंगात नंबर. किल्लेदार बाविसाव्या वर्षी कामाला लागला तेव्हा वडिलांनी त्याला किल्ल्या दिल्या, छपराच्या काचा कशा बसवायच्या ते शिकवलं आणि या सात पट्ट्यांपुढे उभं केलं.

"फुटली तर नवी लाव," वडील म्हणाले. "मोजून कापायची. प्लॅस्टर घट्ट. आणि काचेवर बोटाचा ठसा राहता कामा नये."

"कशासाठी असतात या?"

"तपासनीस येतो तेव्हा सातही धड दिसल्या पाहिजेत."

एवढंच. यापुढे वडिलांनी काही सांगितलं नाही, आणि मुलानेही विचारलं नाही. छपराची काच फुटली तर पाऊस आत येतो, दिवा गेला तर अंधार होतो, पट्टी फुटली तर तपासनीस नाराज होतो. किल्लेदाराच्या डोक्यात हे सगळं एकाच रांगेत बसलेलं होतं. फुटकी वस्तू म्हणजे राखणदाराच्या तोंडाला काळं.

त्याने ते काम असं केलं की कुणी बोट ठेवू नये. काच कापायची हिऱ्याची कलम त्याने कधी दुसऱ्याच्या हाती दिली नाही. फुटलेली पट्टी सकाळी दिसली तर दुपारच्या आत नवी लागलेली असे. फुटके तुकडे तो कचऱ्यात टाकत नसे, झाडणाऱ्या बाईचा हात कापेल म्हणून. त्या दिवसाच्या वर्तमानपत्रात गुंडाळून ते पुडकं पलंगाखालच्या पत्र्याच्या ट्रंकेत ठेवायचं, ही वडिलांचीच पद्धत. ट्रंक भरत आली तशी बायको कुरकुरली, "लोकांच्या ट्रंकेत पैठण्या असतात." त्यावर तो म्हणाला, "पैठणीने हात कापत नाही, म्हणून ती कुठेही ठेवता येते." हा आपला मोठा विनोद झाला असं त्याला वाटलं.

दर वर्षी तपासनीस यायचा. गेली अठरा वर्षं एकच, जाड चष्म्याचा, मितभाषी. सातही पट्ट्यांवर टॉर्च फिरवायचा, कागदावर सही करायचा आणि म्हणायचा, "सातही शाबूत. किल्लेदार, तुमच्यासारखी माणसं आता मिळत नाहीत." तेवढ्या एका वाक्यावर किल्लेदाराची छाती आठवडाभर फुगलेली असायची. मला त्याचा राग येत नाही. माणसाला जन्मात शाबासकी मिळते तरी किती वेळा?

अलीकडे मात्र पट्ट्या जास्त फुटू लागल्या होत्या. "हल्लीच्या काचेत दम नाही," किल्लेदार म्हणाला आणि त्याने जाड काच आणली. जाड काचही फुटली. "रस्त्यावरून मोठे ट्रक जातात, हादरे बसतात," तो म्हणाला. जिन्याखालचं दार घासू लागलं, तेव्हा त्याने ते रंधा मारून बसतं केलं. दोन महिन्यांनी ते पुन्हा घासू लागलं आणि त्याने पुन्हा रंधा मारला. बायकोने एकदा विचारलं, "अहो, तिसरी परवाच लावली होती ना?" तो म्हणाला, "तू तुझं बघ." हे वाक्य पुढे त्याला फार वेळा आठवायचं होतं.

त्या वर्षी काचघराला दीडशे वर्षं होणार होती. येत्या रविवारी मोठा कार्यक्रम ठरला. खाली तीन हजार लोक आणि पश्चिमेच्या गॅलरीवर गावोगावची गायनमंडळं मिळून दोनशे जण गायला. चौथ्या रांगेत किल्लेदाराची लेक. बारा वर्षं ती मागे उभी राहून गात आली होती. या वेळी चार ओळी तिला एकटीला होत्या. घरात महिनाभर त्याच चार ओळी चालल्या होत्या, भांडी घासताना, बटणं लावताना, दारातून बाहेर पडताना.

मंगळवारी दिवे टांगणाऱ्या कंपनीची एक इंजिनिअर बाई आली. वजन कुठे पेलेल ते बघत ती जिन्याजवळ थांबली.

"काका, या पट्ट्या कधीच्या?"

किल्लेदार खूश झाला. आपण होऊन कुणी पट्ट्यांबद्दल विचारत नसे. "कुठली विचारता? ही तिसरी परवाची. पाचवी गेल्या बुधवारची. पहिली जरा जुनी, महिना झाला असेल."

बाई त्याच्याकडे बघत राहिली. "आणि त्याआधीच्या?"

"फुटल्या. फुटली की आम्ही लगेच बदलतो. एक दिवससुद्धा फुटकी राहू देत नाही."

बाई जिन्याच्या पायरीवर बसली. हळू आवाजात म्हणाली, "काका, ती काच फुटावी म्हणूनच लावतात. भिंत हलली की ती फुटते. ती फुटली की भिंत हलली हे कळतं. फुटल्यावर नवी लावायची नसते, माणसं बाहेर काढायची असतात."

किल्लेदार हसला. माणूस घाबरला की कधी कधी उगाच हसतो, तसं. मग त्याला ते घासणारं दार आठवलं, आणि आईचा पिठाचा डबा.

ट्रंक त्यानेच दाखवली. बाईने स्वयंपाकघराच्या फरशीवर पुडकी उलगडली, वरची आधी. प्रत्येक वर्तमानपत्रावर तारीख होती. किल्लेदाराच्या नोकरीच्या सुरुवातीला दोन वर्षांत एक पट्टी. कुत्र्यांच्या प्रदर्शनाच्या बातमीत गुंडाळलेली एक. मग वर्षाला एक, मग तीन. गेल्या वर्षी अकरा. या महिन्यात आतापर्यंत सहा. बायको ओट्याला टेकून बघत होती. तिने गॅस बंद केला, भाजी अर्धी कच्चीच राहिली.

"भिंत ओली लागते, खाली पाणी असणार," बाई म्हणाली. "भिंत खचते आहे, आणि वेगाने. गॅलरीवर कुणाला चढू देऊ नका. मी वरच्यांशी बोलते."

ती वरच्यांशी बोलली. बुधवारी सकाळी तिचा फोन आला. "काका, आमचे साहेब म्हणतात, आपण दिव्यांचे लोक, इमारत आपली नाही. तपासनिसाचा कागद असेल तर काम करा. आणि तपासनीस माझं ऐकणार नाही, त्याला पट्ट्या धड दिसतात. तुम्हालाच सांगावं लागेल." मग म्हणाली, "माझी चूक असली तर मला फार आनंद होईल."

तोवर तिसरी आणि पाचवी पुन्हा फुटल्या होत्या.

किल्लेदार व्यवस्थापकाकडे गेला. व्यवस्थापक दोन वर्षांपूर्वी आलेला, गोड बोलणारा, कुणाचंही बोलणं पूर्ण ऐकून घेतल्यासारखं दाखवणारा. त्याने सगळं ऐकलं. बाईचं ऐकलं, ट्रंकेचं ऐकलं. मग खुर्ची जरा पुढे ओढली.

"शुक्रवारी अकराला तपासनीस येतो," तो म्हणाला. "टॉर्च मारतो, सही करतो. फुटल्या असतील तर नव्या लावा. अडतीस वर्षं लावताच आहात."

"साहेब, पण आता मला कळलंय त्या कशासाठी असतात."

"दीडशे वर्षं उभी आहे इमारत. एक दिवे लावणारी मुलगी काहीतरी म्हणाली आणि तुमच्या तोंडचं पाणी पळालं?" तो हसला. "पुढच्या वर्षी तुम्ही निवृत्त होणार. त्या दोन खोल्या तुमच्याकडेच राहाव्यात असं मी वर मांडणार आहे. पण मांडायला मीही इथे राहायला हवा ना?"

किल्लेदार "हो साहेब" म्हणाला आणि बाहेर आला. नाही म्हणायची सवयच नव्हती त्याला.

संध्याकाळी लेक तालमीला निघाली. तो दारात आडवा उभा राहिला. "आज जाऊ नकोस."

"का?"

इथे त्याने सांगायला हवं होतं. पण सांगायचं म्हणजे हेही सांगायचं, की ती भिंत अडतीस वर्षं खोटं बोलते आहे आणि ते खोटं रोज पुसून लखलखीत ठेवणारा हात तिच्या बापाचा आहे. "मी सांगतो म्हणून," तो म्हणाला.

"बाबा, बारा वर्षांत पहिल्यांदा मला कुणी ऐकणार आहे. तुम्हाला तुमच्या दारांपलीकडे कधी काही दिसलंय?" ती त्याच्या बगलेतून वाकून निघून गेली. दोन तास वरून गाण्याचा आवाज येत राहिला आणि तो जिन्याच्या पायथ्याशी मान वर करून उभा राहिला. दोनशे जणांनी एकदम पाय बदलला की फळ्यांखालून एक दबका आवाज यायचा, ओल्या गादीवर कुणी बसावं तसा. तो आवाज नेहमीच यायचा. त्या दिवशी तो त्याने पहिल्यांदा ऐकला.

गुरुवारी दुपारी त्याने सात पट्ट्या कापल्या. हो, कापल्या. आपण त्याला शूर वगैरे समजू नये. खोल्या जातील, नोकरी जाईल, उतारवयात बायकोला घेऊन कुणाच्या दारात उभं राहायचं, हे सगळं त्याच्यापुढे होतं. आणि भिंत अजून उभी होतीच. त्याने प्लॅस्टर कालवलं. फुटके तुकडे ठेवायला ट्रंक ओढली. बाईने पुडकी वरखाली केल्यामुळे तळाची, वडिलांच्या हातची, वर आली होती. कागद पिवळा पडून तुकडे पडायला आलेला. समासात पेन्सिलीने काही लिहिलं होतं. वडील फारसं लिहीत नसत, म्हणून त्याने चष्मा लावला.

पहिल्या पुडक्यावर होतं: चौथी फुटली. साहेबांना सांगितलं. फुटली तर नवी लाव म्हणाले.

दुसऱ्यावर: पहिली फुटली. साहेबांना सांगितलं. तेच म्हणाले.

तिसऱ्यावर: चौथी फुटली. लावली.

त्यापुढच्या एकाही पुडक्यावर काही नव्हतं.

बायकोने त्याच्या खांद्यावरून वाचलं. वडिलांना ठाऊक होतं. दोनदा सांगून बघितलं, आणि मग साहेबाचं वाक्य आपल्या तोंडी घेऊन ते मुलाला शिकवलं. वडिलांचा त्याला एवढा राग आयुष्यात कधी आला नव्हता, आणि त्याच वेळी त्यांची एवढी कीवही कधी आली नव्हती.

"अहो," बायको म्हणाली, "परवापर्यंत तुम्हाला माहीत नव्हतं. आता माहीत आहे."

"खोल्या जातील."

"माझ्या बहिणीकडे एक खोली आहे. अंधारी आहे, पण कोरडी आहे."

वाटीतलं प्लॅस्टर तोवर दगड झालं होतं.

शुक्रवारी सकाळी किल्लेदाराने ट्रंक भिंतीपाशी ओढत नेली. पुडकी एकेक करून उलगडली आणि भिंतीच्या कडेने ओळीने मांडली. प्रत्येक कागद सपाट पसरून, त्यावर त्याच्या फुटक्या पट्टीचे दोन तुकडे. वडिलांच्या पहिल्या पुडक्यापासून या आठवड्यापर्यंत. सुरुवातीला कागदांमध्ये तारखांप्रमाणे अंतर ठेवलं, वर्षाला एक पाऊल. शेवटी शेवटी पाऊल टाकायला जागा उरली नाही, कागद एकमेकांवर चढले. ओळ जिन्यापासून थेट मोठ्या दारापर्यंत गेली. भिंतीवर सातांपैकी पाच पट्ट्या फुटलेल्या, तशाच.

अकराला तपासनीस आला, बरोबर व्यवस्थापक. व्यवस्थापकाने जमिनीकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. तपासनीस दारापासूनच थांबत थांबत आला. प्रत्येक कागदाशी वाकायचा, तारीख वाचायचा, पुढे सरकायचा. त्यातली अठरा वर्षं त्याच्या सहीची होती. वडिलांच्या पेन्सिलीपाशी पोहोचल्यावर त्याने चष्मा काढून पुसला.

"हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत," तो म्हणाला.

"तुम्ही विचारलं नाहीत, साहेब. मला वाटायचं, शाबूत ठेवणं हेच माझं काम."

"आणि शाबूत आहेत ना एवढं बघणं हे माझं." अठरा वर्षांच्या सह्या, त्यालाही घर होतं, त्यालाही वरिष्ठ होते. सही केली असती तर कुणी काही म्हटलं नसतं.

व्यवस्थापक मध्ये पडला. "किल्लेदार जरा हळवे झालेत. पट्ट्या तयार आहेत, आत्ता तासाभरात लावून—"

टच.

आवाज एवढासा, वाटाण्याची शेंग मोडावी तेवढा. तिघांनीही भिंतीकडे बघितलं.

"सहावी," किल्लेदार म्हणाला.

तपासनिसाने सहावीचा लोंबणारा अर्धा तुकडा काढून किल्लेदाराच्या हातावर ठेवला. मग खिशातून पेन काढलं आणि उभ्या उभ्या, कागद गुडघ्यावर धरून, इमारत बंद करण्याचा हुकूम लिहिला. "चला, आधी बाहेर चला," तो म्हणाला.

ती चौतीस दारं किल्लेदाराने एकेक करून लावली आणि कडी व्यवस्थापकाच्या टेबलावर ठेवली. खोल्या संध्याकाळपर्यंत रिकाम्या झाल्या.

यानंतर लोक त्याचे आभार मानतील असं ज्यांना वाटत असेल त्यांनी गावात राहून बघावं. कार्यक्रम रद्द झाला. म्हातारा भिंतीला भ्याला, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं, व्यवस्थापकाशी भांडण होतं म्हणून मुद्दाम केलं, असं जो तो म्हणू लागला. वर्तमानपत्राने छापलं की एका राखणदाराच्या फुटक्या काचांपायी गावाची शोभा बंद पडली. लेकीला आता त्याने सगळं सांगितलं, पण बोलायची वेळ टळून गेली होती. ती मैत्रिणीकडे राहायला गेली आणि मेहुणीच्या घरी फिरकली नाही. सहावीचा तुकडा त्याच्या कोटाच्या खिशात तसाच राहिला. कागदात गुंडाळावा असा एकही दिवस त्याला वाटला नाही.

तो रोज समोरच्या फुटपाथवर जाऊन काचघराकडे बघत उभा राहायचा. इमारत जशीच्या तशी. ऊन काचांवर चमकायचं, कबुतरं बसायची. ओळखीचे लोक जाताना विचारायचे, "काय किल्लेदार, पडलं का?" आणि एक दिवस त्याच्या ध्यानात आलं की आपण ती पडायची वाट बघतोय. जिथे जन्म झाला, जिथे आई गेली, ती भिंत पडावी अशी इच्छा करतोय, केवळ आपलं म्हणणं खरं ठरावं म्हणून. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

अकरा आठवडे गेले. व्यवस्थापकाने कुठून तरी दुसरा तपासनीस आणला, चार लोखंडी टेकू लावले, सातही पट्ट्या नव्या बसवल्या आणि कागद मिळवला. कार्यक्रमाची नवी तारीख जाहीर झाली. गुरुवारी पाच वाजता गॅलरीवर पहिली तालीम.

काचघर पडलं ते त्याआधीच्या मंगळवारी, दुपारी चारला दहा मिनिटं असताना. वारा नव्हता, ट्रक नव्हता, आत माणूस नव्हतं. पश्चिमेची भिंत आधी खाली बसली, पडली नाही, बसली; तिच्याबरोबर गॅलरी गेली, मग कमानी, आणि शेवटी छप्पर. काचांचा आवाज पाच मिनिटं चालला होता म्हणतात. धूळ खाली बसल्यावर लोकांनी पाहिलं तर गॅलरीच्या जागी एक चौकोनी खड्डा होता आणि त्यात काठोकाठ काळं पाणी. दीडशे वर्षांपूर्वीचं कारंज्याचं नळकांडं कडेने अजून झिरपत होतं.

किल्लेदार गेला नाही बघायला. मेहुणीच्या अंधाऱ्या खोलीत पलंगाच्या कडेला बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेक आली. पोस्टाचा गणवेश अंगावर, डोळे सुजलेले. हातातलं वर्तमानपत्र तिने पलंगावर पसरलं. पहिल्या पानावर मोठा फोटो होता, वरून काढलेला. तिने त्या काळ्या पाण्यावर एका जागी बोट ठेवलं, जराही न शोधता.

"चौथी रांग," ती म्हणाली. आणि मग त्याच्या गुडघ्यावर डोकं टेकून, लहानपणी रडायची तशी रडली.

ती शांत झाल्यावर त्याने कोटाच्या खिशातून सहावीचा तुकडा काढला. त्याच पानात ठेवला, नेहमीसारख्या चार घड्या घातल्या. मग लेकीकडे पेन्सिल मागितली, आणि समासात, वडिलांनी जिथे लिहिलं असतं तिथे, लिहिलं:

सहावी फुटली. साहेबांना सांगितलं. नवी लावली नाही.